बुद्धिबळाचे बदलते पट

चेन्नईत किल्ल्याकडून मरीना किनाऱ्याकडे जाऊ लागले की कूवम नदीवर नेपियर पूल लागतो. २०२२ च्या जुलै महिन्यात हा सारा पूल काळ्यापांढऱ्या चौकड्यांनी रंगविण्यात आला. निमित्त होते चव्वेचाळिसाव्या बुद्धिबळ ऑलिंपियाडचे; २८ जुलै ते १० ऑगस्ट ह्या काळात ते येथून जवळच, मामल्लपुरम् येथे भरले. त्या दिवसांत पुलावर वाहने मंदावत, माणसे उतरून छायाचित्रे घेत, आणि आमची कार्यालयाची बस रोज दहा-दहा मिनिटे अडकून पडे. मी खिडकीशी बसून तो अवाढव्य पट न्याहाळत असे. लांबच लांब, अरुंद, बाजूंना कमानींवरून वाकत वर चढणारा आणि पुन्हा उतरणारा असा तो पट होता. अशा पटावर खेळावयाचे तर मोहऱ्यांनी चालावे कसे, हा विचार त्या वेळी केवळ वेळ घालविण्यापुरता होता. पुढे वर्षभरातच तो निराळ्या रीतीने माझ्या घरात येऊन बसला.

झाले ते असे. माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा मी तिला बुद्धिबळ शिकविले. माझ्या आजोबांनी मला शिकविले होते तसेच. काही दिवसांनी ती घराजवळच्या एका शिकवणीवर्गात जाऊ लागली. ह्या शहरात मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालणे हे गाण्याच्या वर्गाला घालण्याइतकेच सहज आहे. तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांत पाणी घेऊन परत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सगळं चुकीचं शिकवलंत. सगळी मुलं हसली."

चूक काय होती? तिने पहिल्या खेळीत प्यादे एकच घर पुढे ढकलले होते आणि समोरच्या मुलाने दोन घरे टाकली तेव्हा "हे चालत नाही" असे ठणकावून सांगितले होते. पुढे तिने किल्लेकोट न करता राजालाच घोड्यासारखी उडी मारावयास लावली. वर्गातल्या शिक्षकांनी तिला शांतपणे नियम समजावून दिले. त्यांचे काहीच चुकले नाही. परंतु मला त्या रात्री झोप लागली नाही. क्षुल्लक गोष्ट म्हणून सोडून देता आले असते. पण माझ्या आजोबांना एका परक्या गावात, त्यांच्या पश्चात, एका सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून खोटे पाडले गेले होते.

आजोबांचा पट कापडाचा होता. तांबड्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली चौसष्ट घरे. त्यांत काळीपांढरी अशी वाटणी नव्हती. काही ठराविक घरांत मात्र फुल्या भरल्या होत्या. त्या कशासाठी, हे आजोबांसही ठाऊक नव्हते. प्यादे एका वेळी एकच घर चाले. पलीकडच्या टोकास पोचलेले प्यादे सर्रास वजीर होत नसे. ते ज्या मोहऱ्याच्या घरी पोचले त्याच मोहऱ्याचे रूप घेई. राजास शह बसला नसेल तोवर त्याला एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. प्रतिपक्षाची सारी मोहरी मारून राजाला उघडा पाडला तर ती बुर्जी, म्हणजे निम्माच विजय. आणि प्याद्याने मात केली तर ती प्यादेमात, सर्वांत मानाची. प्यादेमात करण्यासाठी आजोबा हातातला सोपा विजय लांबवीत आणि पुष्कळदा घालवीतही. तपशिलांत गावोगावी फरक असत, पण महाराष्ट्रात आणि देशाच्या बऱ्याच भागांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत बुद्धिबळ म्हणजे असलाच काही खेळ होता. तो चुकीचा होता काय, हा माझ्यापुरता प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की नियमांचे सोडा, ज्या पटाला आपण अचल समजतो तोच मुळी कधी स्थिर नव्हता.

येथे तामिळ भाषेची एक गंमत सांगण्याजोगी आहे. तामिळमध्ये खेळाचे नाव सदुरंगम्, आणि चौरसाला शब्द सदुरम्. त्यामुळे तामिळ कानाला खेळाच्या नावातच चौकोन ऐकू येतो. वास्तविक मूळ शब्द चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ह्या चार अंगांची सेना. नावात सेना आहे, पट नाही. पटाचे नाव निराळेच होते: अष्टापद. ओळीओळीत आठ पदे असलेला तो अष्टापद, असा त्याचा अर्थ पतंजलीच्या महाभाष्यातच लागतो. आणि दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भिक्षूंनी टाळावयाच्या खेळांची जी यादी आहे तीत आठ घरांच्या पटावरील खेळ, दहा घरांच्या पटावरील खेळ, आणि पट न मांडता नुसत्या आकाशात कल्पून खेळावयाचा खेळ, असे तिन्ही सांगितले आहेत. म्हणजे पट आधी होता. तोही एक नव्हे, अनेक. त्यावर फाशांचे खेळ चालत. चतुरंगाची सेना त्या पटावर मागाहून उतरली. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षाच्या राज्यातील शांततेची वाखाणणी करताना अष्टापद आणि चतुरंग ह्या दोन शब्दांवर श्लेष करतो, तेव्हा ती उतरलेली होती असे धरावयास हरकत नाही. आजोबांच्या पटावरील फुल्या ह्या त्या जुन्या अष्टापदाच्याच खुणा असाव्यात, असे ह्या विषयाचे अभ्यासक मानतात. खेळ गेला, त्याच्या खुणा मात्र दुसऱ्या खेळाच्या पटावर शिवल्या जात राहिल्या. सरकारी नमुन्यांतले काही रकाने कशासाठी आहेत हे कोणासच ठाऊक नसते, तरी ते दर वेळी छापले जातात. त्यातलाच हा प्रकार.

बुद्धिबळ इराणमार्गे अरबांकडे गेले आणि तेथे पटाने जी रूपे घेतली ती पाहण्यासारखी आहेत. दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल्-मसूदी ह्याने आपल्या ग्रंथात सहा प्रकारचे पट सांगितले आहेत. एक नेहमीचा आठ बाय आठांचा. तो हिंदुस्थानचा, असे तो स्पष्ट म्हणतो. दुसरा लांबट, चार बाय सोळांचा. तिसरा दहा बाय दहांचा. चौथा गोल, तो रूमी लोकांचा, म्हणजे बायझंटाईनांचा. पाचवाही गोलच, पण ग्रह आणि राशी ह्यांवर आधारलेला. आणि सहावा सात बाय आठांचा, त्यातील मोहरी माणसाच्या इंद्रियांच्या नावांची. हजार वर्षांपूर्वी बगदादमधला एक सुशिक्षित मनुष्य बुद्धिबळ म्हटल्यावर ह्या सहाही गोष्टी डोळ्यांपुढे आणू शकत होता.

ह्यांतील लांबट पट आणि रूमी गोल पट ही सख्खी भावंडे आहेत. चार बाय सोळांच्या पट्टीची दोन टोके वळवून एकमेकांस जोडली की चार कड्यांचा, प्रत्येक कड्यात सोळा घरे असलेला गोल पट तयार होतो. घरे तीच चौसष्ट. पण केवळ टोके जोडल्याने खेळ किती पालटतो पाहा. चौकोनी पटावर हत्तीला कड असते, कोपरा असतो. गोल पटावर त्याची वाट मोकळी असेल तर तो चालत चालत आपल्याच मूळ घरी परत येऊ शकतो. चौकोनी पटावर एकाकी राजास कोपऱ्यात कोंडून मात करता येते. गोल पटावर कोपरा नाही, तेव्हा मात करणे भलतेच अवघड. प्याद्यांची स्थिती तर करुण आहे. एका राजाची प्यादी दोन्ही अंगांनी निघतात आणि पटाच्या पलीकडच्या बाजूस स्वतःच्याच सैन्यातील प्याद्यांना समोरासमोर भेटतात. अशी दोघे एकमेकांपुढे अडली की प्रतिपक्ष ती दोन्ही उचलून घेई. शेवटची ओळच नसल्यामुळे प्याद्याला वजीर होण्याची आशा नाही. जन्मभर चालावयाचे, बढती नाही आणि अखेर आपल्याच खात्यातील माणसाशी अडून दोघांनीही सेवेतून जावयाचे. आपल्यापैकी कित्येकांस हा पट ओळखीचा वाटेल.

ह्या रूमी खेळाचे नाव झात्रिकिऑन. सम्राट पहिला अलेक्सियोस हा झात्रिकिऑन खेळत असे, असे त्याची मुलगी आन्ना हिने त्याच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे तैमूरलंगाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा पट आला. तो अकरा बाय दहांचा, आणि दोन बाजूंस चिकटलेले एकेक जादा घर. ते घर म्हणजे गढी. हरत आलेल्या राजाने शत्रूच्या गढीत शिरकाव केला की डाव बरोबरीत. चौकोनाबाहेर काढलेले एक घर आणि त्याने पराभवाचा निकाल फिरतो. आजोबांना ही गढी आवडली असती.

आपल्याकडे पटाचा आकार मोडण्याऐवजी त्यावरील माणसे वाढविण्याची रीत दिसते. अल्-बेरूनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात चौघांनी फाशांसह खेळावयाचे बुद्धिबळ वर्णिले आहे. बंगालच्या रघुनंदनाच्या तिथितत्त्वात तोच खेळ व्यास-युधिष्ठिर संवादाच्या रूपाने येतो. नेहमीच्याच चौसष्ट घरांत चार सैन्ये. प्रत्येकात राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. ह्या खेळावरून एकोणिसाव्या शतकात मोठा घोटाळा झाला. कॅप्टन हायरम कॉक्स आणि त्याच्या मागून, १८६० साली, डंकन फॉर्ब्ज ह्यांनी हा चौघांचा खेळच मूळचा आणि तो पाच हजार वर्षांपूर्वीचा, असे मांडले. आपल्यातील पुष्कळांस ते ऐकून धन्य वाटले असेल. पुढील संशोधकांनी, विशेषतः १९१३ साली बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या एच. जे. आर. मरे ह्याने, पुराव्यानिशी ते खोडून काढले. पाच हजार वर्षे हातची गेल्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. जे खरे उरते तेच पुष्कळ आहे. युरोपात पुढे चौघांचे बुद्धिबळ निघाले तेव्हा त्यांनी आठ बाय आठांच्या चारी बाजूंना तीन-तीन ओळी जोडून एकशेसाठ घरांचा फुलीसारखा पट केला. तो पाहून आपणांस पहिल्यांदा सारीपाटच आठवेल, फक्त हात आखूड आणि रुंद. विसाव्या शतकात ग्लिन्स्की नावाच्या पोलिश गृहस्थाने षट्‌कोनी घरांचा पट काढला. घरे एक्याण्णव, रंग तीन आणि म्हणून उंटही तीन. आकारांची ही हौस संपणारी नव्हे.

परंतु मला सर्वांत विलक्षण वाटलेला पट ह्या शहरापासून फार दूरचा नाही. तो अर्धाच पट आहे आणि त्यावर शत्रू नाही. कांचीपुरम् येथे १२६८ साली जन्मलेले वेदान्त देशिक हे रामानुज संप्रदायातील थोर आचार्य. श्रीरंगमच्या श्रीरंगनाथाच्या पादुकांवर त्यांनी एक हजार आठ श्लोकांचे पादुकासहस्र रचले. ते एका रात्रीत रचले अशी परंपरा आहे. त्यातील चित्रपद्धती नावाच्या भागात दोन श्लोक लागोपाठ येतात. अनुष्टुभाचे चरण चार, प्रत्येक चरणाची अक्षरे आठ, एकूण बत्तीस. पहिला श्लोक चार ओळींत, एकाखाली एक अक्षर येईल असा मांडावा. म्हणजे बुद्धिबळाचा बरोबर अर्धा पट झाला. आता पहिल्या अक्षरावर घोडा ठेवावा आणि अडीच घरांच्या चालीने, एकही घर दोनदा न घेता, बत्तीसही घरांतून त्याला फिरवावे. घोडा ज्या क्रमाने अक्षरांवर टापा टाकीत जातो त्या क्रमाने वाचले की दुसरा श्लोक निघतो. दोन्ही श्लोकांना अर्थ आहे, दोन्ही पादुकांची स्तुती करतात.

घोड्याच्या चालीचा हा बंध देशिकांनी नव्याने काढला असे नव्हे. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात काव्यालंकारात तुरगपद म्हणून तो दिला होता. पण तेथे मोजकीच अक्षरे पुन्हा पुन्हा वापरून अशी योजना केली आहे की सरळ वाचा अथवा घोड्याने वाचा, श्लोक तोच. ती करामत खरी, पण तिचा घोडा फिरून फिरून आहे तेथेच. देशिकांच्या घोड्याने एका श्लोकातून दुसरा बाहेर काढला. चित्रकाव्याला अधम काव्य म्हणून नाके मुरडण्याची आपल्या साहित्यशास्त्राची जुनी सवय आहे, आणि तिला कारणेही आहेत. तरीही हे दोन श्लोक कागदावर मांडून, पेन्सिलीने रेघ ओढत एकदा तरी पाहावेत. गणिती ऑयलर ह्याने घोड्याच्या फेरीवर आपला प्रसिद्ध निबंध १७५९ साली लिहिला. देशिक त्याच्याआधी चारशे वर्षे होऊन गेले, आणि त्यांनी पटाचा आकार ठरविला तो युद्धासाठी नव्हे, छंदासाठी. बत्तीस अक्षरे आहेत म्हणून बत्तीस घरे.

आता आपल्या माणसांकडे वळू. पैठणच्या भट्टांचे घराणे सोळाव्या शतकात काशीस जाऊन राहिले. तेथे त्या घराण्याने जे पांडित्य गाजविले ते सर्वश्रुत आहे. १६७४ साली शिवाजीमहाराजांस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच कुळातले. ह्या गागाभट्टांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीलकंठभट्ट. त्यांनी यमुनाकाठच्या भगवंतदेव नावाच्या राजाच्या आश्रयाने भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील व्यवहारमयूख मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाच्या खटल्यांत प्रमाण मानला जाई, म्हणून आपल्या वकिलांस तो ठाऊक असे. नीतिमयूख मात्र फारसे कोणी उघडीत नसे. राजाने काय करावे हे सांगणाऱ्या त्या ग्रंथात बुद्धिबळाचे प्रकरण आहे. मोहरी कशी मांडावी, कशी चालवावी, आणि घोड्याने सारा पट कसा फिरावा ह्याचे श्लोक त्यात आहेत. युरोपीय संशोधकांनी हिंदुस्थानी बुद्धिबळाचा अभ्यास आरंभिला तेव्हा ज्या थोड्या संस्कृत ग्रंथांवर त्यांची भिस्त होती त्यांत हा एक. धर्मशास्त्राचा एवढा पसारा मांडणारा मनुष्य, घराणे गोदातीर सोडून काशीत स्थिरावलेले, आणि श्राद्ध, दान, प्रायश्चित्त ह्यांच्या शेजारी तो घोड्याची चाल नोंदवून ठेवतो. त्याला ती नोंदवावीशी का वाटली असेल, ह्याचा मी आपल्या परीने विचार करतो. जेथे राहतो तेथील लोक तोच खेळ थोडा निराळा खेळतात हे दिसले की आपला लिहून ठेवावासा वाटतो, असे मला वाटते. हा माझा तर्क, पुरावा नाही.

उलट दिशेनेही वाहतूक होती. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळाच्या डावांचे एक पुस्तक इंग्रजीत निघाले. मूळ संस्कृत ग्रंथ विलासमणिमंजरी, कर्ता त्रिवेंगडाचार्य शास्त्री. त्रिवेंगड म्हणजे तिरुवेंगडम्, तिरुपतीचा डोंगर. नावच दक्षिणेचे आहे. पेशवाईची अजून चार वर्षे उरली होती. ह्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातच एक कबुली आहे: हे डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले आहेत. शनिवारवाड्यावरचा झेंडा उतरण्यापूर्वीच बुद्धिबळाच्या पटावर तो उतरू लागला होता, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होऊ नये.

राज्य गमावलेल्या राजांनी मात्र पटाला धरून ठेवले. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर हे त्यांतले शिरोमणी. टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली, पाच वर्षांचे असताना, ते गादीवर बसले. १८३१ साली इंग्रजांनी कारभार त्यांच्या हातून काढून घेतला. १८६८ साली ते वारले. मधली सदतीस वर्षे त्यांनी काय केले? इतर उद्योगांबरोबर खेळ रचले. त्यांच्या श्रीतत्त्वनिधीतील नववा निधी, कौतुकनिधी, हा सारा खेळांचा आहे. घोड्याच्या फेऱ्या, गंजिफांचे नवनवे डाव, देवीसायुज्यासारखे भव्य पट. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर हे पट रंगविलेले आहेत. ज्याच्या हातून खरे घोडे, खरे हत्ती गेले, त्याने कागदावर घोडा किती घरांतून फिरविता येतो हे पाहत आयुष्य काढावे, ह्यावर हसू नये.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८७१ साली, निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस हरिकृष्ण नावाच्या ज्योतिषी पंडिताने क्रीडाकौशल्य लिहिले. ते त्याच्या बृहज्ज्योतिषार्णव ह्या ग्रंथाचा एक भाग. बुद्धिबळ, गंजिफा, घोड्याच्या फेऱ्या, मुलांचे आणि मोठ्यांचे नाना खेळ त्यात संस्कृत श्लोकांत बांधून ठेवले आहेत. ज्या वर्षी हे लिहिले गेले त्या वेळी आगगाडी, तारायंत्र, शाळाखाती सारे सुरू झाले होते. खेळ नाहीसे होऊ लागले की ते श्लोकांत बांधावेसे वाटतात. पैठणहून औरंगाबाद जेमतेम पंचवीस कोसांच्या आत. नीलकंठांच्या पूर्वजांनी सोडलेल्या गावाच्या शेजारीच, तीनेक शतकांनी, तेच काम पुन्हा कोणी हाती घेतले.

देशी पद्धत नाहीशी झाली ती ह्यानंतर. तिचा शेवटचा मोठा पुत्र म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. तो देशी नियमांवरच वाढला, युरोपीय नियम मागाहून शिकला, १९२९ साली आपल्या धन्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकास हरविले. डावाची सुरुवात त्याला नीट येत नसे, असे त्याच्या चाहत्यांचेही मत होते. येणार कशी, त्याच्या लहानपणी प्यादे दोन घरे चालत नव्हते. १९६६ साली तो वारला आणि ग्रँडमास्टर ही पदवी त्याला २०२४ साली, मरणोत्तर, मिळाली. अठ्ठावन्न वर्षांनी निघालेली बढतीची आज्ञा!

१९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली; तीत आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या ह्यांना संयुक्त विजेतेपद मिळाले. त्यानंतर स्पर्धा, पुस्तके, वर्ग सारे आंतरराष्ट्रीय नियमांनी चालू लागले, आणि ते योग्यच झाले. ह्या शहराकडे पाहावे. १९६१ साली मॅन्युएल आरन पहिले भारतीय इंटरनॅशनल मास्टर झाले. १९७२ साली येथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल ह्याच्या नावाने बुद्धिबळ मंडळ निघाले. तेथे खेळणारा विश्वनाथन आनंद १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी चेन्नईचाच गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. प्यादे एक घर चालवीत राहिलो असतो तर ह्यांतले काही घडले नसते. तिरुवारूर जिल्ह्यात तिरुप्पूवनूर येथे चतुरंगवल्लभनाथ ह्या नावाचा शिव आहे. राजकन्येला चतुरंगात जिंकून त्याने तिच्याशी विवाह केला अशी कथा आहे. खेळाचा देव असलेल्या प्रदेशाने एक नियम उचलला आणि तो जगाहून चांगला खेळून दाखविला. तेथे जाऊन मी आजोबांची बुर्जी सांगत बसणे हास्यास्पदच होते.

हे सारे मला पटते. तरीही मुलीला "आजोबा चुकले" असे म्हणणे मला जमले नाही. ते चुकले नव्हते, ते दुसरा खेळ खेळत होते. पण सात वर्षांच्या मुलीपुढे हा भेद ठेवावा कसा? काही दिवस आमच्या घरी पट उघडला गेला नाही.

एका रविवारी मी वहीच्या चौकड्यांच्या कागदावर चार ओळी आणि आठ घरे आखली आणि तिला म्हटले, "हा आपला पट. इथे वर्गातले नियम नाहीत आणि पणजोबांचेही नाहीत. एकच घोडा. बत्तीस घरं, प्रत्येकात एकदाच." ती आधी नाखुशीने बसली. मग संध्याकाळपर्यंत उठली नाही. एकोणतीस, तीस, पुन्हा सत्तावीस. खोडरबराने कागद फाटला, दुसरा आखला. दिवेलागणीला तिने बत्तिसावा आकडा लिहिला आणि आईला हाक मारली. देशिकांचा मार्ग निराळा आहे. हा तिचा होता.

"आता घोडा परत पहिल्या घरी आणते," ती म्हणाली.

ते होत नाही हे मला ठाऊक होते. चार ओळींच्या पटावर घोडा वरच्या किंवा खालच्या ओळीतून निघाला तर मधल्या दोन ओळींतच पडतो. कडेची घरे सोळा, मधली सोळा. फेरी पुरी करून घरी यावयाचे तर एक कडेचे, एक मधले, असेच अखेरपर्यंत जावे लागेल. पण घोडा प्रत्येक चालीस काळ्यावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यावर जातो. मग कडेची सोळाही घरे एकाच रंगाची असावयास हवीत, आणि ती तशी नाहीत. पूर्ण चौसष्ट घरांच्या पटावर घोडा खुशाल घरी परततो. अर्ध्या पटावर नाही.

हे तिला सांगावे की नाही ह्याचा मी विचार करीत होतो, तोवर तिने कागदाच्या खालच्या बाजूस आणखी एक ओळ आखावयास घेतली होती. "अशी केली तर?" तिने विचारले. पाच ओळी, चाळीस घरे. मला उत्तर ठाऊक नव्हते. मी पेन्सिलीला टोक करून दिले.